मुक्त कोशाचे विकाऊ पुस्तक



२००९ च्या आगेमागे ॲमेझॉनच्या दुकानात अल्फास्क्रिप्ट आणि बेटास्क्रिप्ट या नावांची इंग्रजी पुस्तके हजारोंनी दिसू लागली. व्हीडीएम या जर्मन प्रकाशनसमूहाच्या या दोन नाममुद्रा. नद्या, राजघराणी, रोग, रसायने, विस्मरणात गेलेल्या लढाया. कोणताच विषय या प्रकाशकाला परका नव्हता. आतला मजकूर विकिपीडियावरून यंत्राने उचललेला, पाने शंभराच्या आसपास आणि किंमत चाळीस-पन्नास डॉलरच्या घरात. मुखपृष्ठावर तीन संपादकांची नावे. तीच तीन नावे पुढच्या पुस्तकावर आणि त्याच्याही पुढच्यावर. कॉकेशसमधल्या जॉर्जिया देशाचा इतिहास सांगणाऱ्या पुस्तकावर अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहराचे चित्र आले, यावरून संपादकांनी पुस्तक किती वाचले होते ते ओळखावे. पैसे मोजलेले ग्राहक संतापले आणि चोरीचा आरोप झाला. पण ती चोरी नव्हती. विकिपीडियाचा मजकूर कोणीही छापावा आणि विकावा, अशी परवानगी त्या कोशानेच दिलेली आहे. या पुस्तकांत परवान्याचा मजकूर असे, मूळ लेखांचे पत्तेही असत. कायद्याने बोट ठेवायला फारशी जागा नव्हती. मग खुपते ते नेमके काय? माझे म्हणणे असे की विकणे खुपत नाही, खुपायलाही नको. खुपते ते न केलेल्या संपादनाचे पैसे घेणे, आणि मजकुराचे मूळ, पैसे घेईपर्यंत, ग्राहकाच्या नजरेआड ठेवणे. विकणे आणि फसवणे या दोन गोष्टी वेगळ्या न केल्यामुळे या विषयावरची चर्चा एक तर भाबडी होते, नाही तर नुसती तक्रारखोर.

ही परवानगी गाफीलपणे दिली गेली, असा एक समज आहे. इतिहास तसे सांगत नाही. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ उभी करणारे रिचर्ड स्टॉलमन १९८५ मध्ये आपल्या ईमॅक्स या आज्ञावलीच्या चुंबकीय फिती १५० डॉलरना विकत होते आणि त्यावर त्यांचा चरितार्थ चालत होता. फीत विकत घेणाऱ्याला तिच्या हव्या तितक्या प्रती काढून वाटण्याची, किंवा विकण्याची, मोकळीक होती. याच विचारातून २००० मध्ये सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकांसाठी जीएनयू मुक्त दस्तऐवज परवाना तयार झाला आणि १५ जानेवारी २००१ ला सुरू झालेल्या विकिपीडियाने तो उचलला. विक्रीची मुभा त्यात जाणूनबुजून ठेवलेली होती. स्वयंसेवकांना पैशाचा प्रश्न कळत नव्हता असेही नाही. विकिपीडियावर पुढेमागे जाहिराती येतील अशी कुणकुण लागताच फेब्रुवारी २००२ मध्ये स्पॅनिश लेखकांचा मोठा गट फुटून निघाला आणि त्याने एन्सिक्लोपीडिया लिब्रे हा वेगळा कोश मांडला. त्याच वर्षी विकिपीडियाने संकेतस्थळाचा व्यापारी पत्ता सोडून बिनव्यापारी संस्थेला शोभेल असा पत्ता घेतला, आणि जाहिराती कधीच आल्या नाहीत. पण हे फुटून गेलेले लेखक आपला मजकूर घेऊन गेले ते त्याच मुक्त परवान्याखाली. म्हणजे घरात बाजार मांडू नका एवढेच त्यांचे म्हणणे होते. मजकूर बाजारात जाऊच नये, असे त्यांनी म्हटले नाही. हा भेद त्यांना तेव्हाच स्पष्ट दिसत होता.

यावर पहिला आक्षेप रास्तपणे येतो. हजारो लोकांनी रात्री जागवून, एक पैसा न घेता लिहावे आणि तिसऱ्याच कोणी त्यावर धंदा करावा, हे न्यायाचे आहे काय? व्यापारी वापर नको, अशी एक अट घातली की प्रश्न मिटला, असे अनेकांना वाटते. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेच्या परवान्यांत अशी अट असलेला प्रकार आहेही. पण ही अट कोणाला अडवील, याचा विचार करावा. मोठी कंपनी अडत नाही. तिच्याकडे वकील असतात आणि वाटाघाटी करायला वेळ असतो. अडतो तो तालुक्याच्या गावचा छापखानदार. आपल्या जिल्ह्यातल्या किल्ल्यांवरचे वीस लेख निवडून, दुरुस्त करून, पुस्तिका काढून तीस रुपयांना विकणारी शाळा अडते. अंकाची किंमत छापणारे अनियतकालिक अडते. कागदाचा खर्च भरून निघावा म्हणून देणगीमूल्य लावणारी संस्था अडते. यातला व्यापार कोणता आणि सेवा कोणती, याचा निवाडा कोणी करायचा? जिथे वीज आणि नेट भरवशाचे नाही तिथे मजकूर पोचवायचा तर कोणाला तरी कागद घ्यावा लागतो, आणि कागदाचे दुकान परवाने बघून उधार देत नाही. म्हणून विकिपीडियाने व्यापारबंदीची अट सातत्याने नाकारली, आणि माझ्या मते ते बरोबर केले.

उरतो न्यायाचा भाग. तिथे विकिपीडियाच्या परवान्यातली वेगळीच एक अट कामाला येते. घेतलेल्या मजकुरात जे काही बदल कराल, जी भर घालाल, तीही त्याच अटींवर खुली ठेवा, अशी ती अट आहे. धंदेवाल्याला मजकूर विकता येतो, त्यावर कुंपण घालता येत नाही. लेखकाने दिलेले सर्वांचेच राहते. या अटीला किती धार आहे हे फ्रान्समध्ये २०१० मध्ये दिसले. मिशेल वेलबेक यांच्या गोन्कूर पारितोषिक मिळालेल्या कादंबरीत घरमाशीचे वर्णन आणि बोव्हे या शहराची माहिती फ्रेंच विकिपीडियावरून जवळजवळ तशीच आलेली आढळली, मुळाचा उल्लेख नव्हता. तेव्हा एकाने, मुक्त मजकूर मिसळल्यामुळे आता सगळी कादंबरीच मुक्त झाली, असा युक्तिवाद करून ती आंतरजालावर ठेवून दिली. हा युक्तिवाद मला अतिरेकी वाटतो. दोन-चार उताऱ्यांनी अख्ख्या कादंबरीची मालकी बदलत नाही. प्रकाशकाने ती प्रत काढायला लावली. पण पुढच्या आवृत्तीत विकिपीडियाचे ऋण छापून मान्य करण्यात आले. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत ख्रिस अँडरसन यांच्या, वस्तू फुकट देण्याच्या अर्थशास्त्रावरच्या पुस्तकात विकिपीडियाचे उतारे बिननामाचे सापडले होते आणि लेखकाला चूक कबूल करावी लागली होती. दोन्ही प्रकरणांत ही पुस्तके पैसे घेऊन विकली जातात, म्हणून मुळातल्या उताऱ्यांच्या लेखकांनी काहूर माजवले नाही. बोभाटा झाला तो नाव न घेतल्याचा.

दुसरा आक्षेप ग्राहकाच्या बाजूचा आहे. जे फुकट वाचता येते त्याचे पैसे का घ्यावेत? मराठी वाचकाने हा प्रश्न विचारावा याचे मला थोडे नवल वाटते. ज्ञानेश्वरीवर कोणाचा स्वामित्वहक्क नाही, आणि तिच्या विकत मिळणाऱ्या आवृत्त्या मोजू म्हटले तर दमछाक होईल. साखरे महाराजांची सार्थ प्रत घेणारा, राजवाड्यांच्या पाठाची मागणारा, मोठ्या टाइपातली पारायणाची प्रत शोधणारा, हे सगळे ओव्यांचे पैसे देत नाहीत. ते पाठशुद्धीचे, अर्थाचे, टिपांचे, बांधणीचे पैसे देतात. आणि या बाबतीत आपल्याकडे फार जुना आणि फार उंच दाखला आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा ग्रंथ मुळात कोणाचा, आपण त्यात काय केले आणि कोणत्या शकात केले, हे शेवटी नोंदवून ठेवले, आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. ही शेवटची गोष्ट आजच्या मुक्त परवान्याच्या अगदी उलट आहे. ती मी इथे उचलून धरत नाही. पण मूळ, दुरुस्ती आणि काळ या तिन्हींची नोंद एका दुरुस्तकाराने सव्वाचारशेहून अधिक वर्षांपूर्वी आपणहून केली होती. परवाना आज तेच मागतो, फक्त वकिली भाषेत.

ज्ञान आणि पैसा यांची गाठ आपल्याकडे अशुभही मानली गेलेली नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले ते कोण्या संस्थानिकाच्या आश्रयावर विसंबून नव्हे. त्यांनी त्यासाठी मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमवले आणि ग्राहक मिळवायला गावोगाव माणसे धाडली. पुढे लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाला शासनाचा पैसा मिळाला, आणि तरीही त्याचे खंड किंमत लावूनच विकले गेले. विश्वकोशाच्या नोंदीखाली ती लिहिणाऱ्याचे नाव असते. किंमत आणि नाव, दोन्ही एकाच पुस्तकात नांदतात.

मग विकण्याजोगे संपादन म्हणजे काय? याचेही दाखले आहेत, आणि ते जर्मनीतच आहेत, जिथून आपण सुरुवात केली. जर्मन विकिपीडिया सगळाच शंभर खंडांत छापण्याची घोषणा २००६ मध्ये झाली आणि ती त्याच वर्षी बारगळली. २००८ च्या सप्टेंबरात बर्टेल्समान या बड्या प्रकाशकाने शहाणपणाचा मार्ग धरला: एकच खंड, ९९२ पाने, १९.९५ युरो. वाचकांनी जर्मन विकिपीडियावर सर्वांत जास्त शोधलेल्या सुमारे ५० हजार संज्ञा घेतल्या, लांबलचक लेखांचे मोजक्या ओळींत सार केले आणि कोशकामात मुरलेल्या संपादकांकडून ते तपासून घेतले. विकिपीडियाचे नाव मुखपृष्ठावर ठसठशीत होते. नाव वापरल्याबद्दल प्रतीमागे एक युरो विकिपीडियाला पाठबळ देणाऱ्या जर्मनीतल्या विकिमीडिया संस्थेला देण्याचे ठरले होते. मजकुराबद्दल काहीच द्यावे लागले नाही, कारण तो मुक्त होता. नाव मात्र नोंदणीकृत चिन्ह असल्यामुळे परवानगी लागली. एवढे करून पुस्तकाने बाजार जिंकला असे झाले नाही. दरवर्षी नवी आवृत्ती काढण्याचा बेत पुढे गेला नाही. पण अयशस्वी होणे आणि अप्रामाणिक असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. माइन्झ शहरातल्या पीडियाप्रेस या कंपनीचा मार्ग तिसराच होता. २००७ च्या अखेरीस तिने विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानाशी करार केला. वाचकाने स्वतः लेख निवडायचे, क्रम लावायचा, शीर्षक द्यायचे आणि कंपनीने ते पुस्तक छापून घरी पाठवायचे. इथे संपादन शून्य होते. पण संपादक असल्याचा आवही नव्हता. विकत घेणारा आणि निवडणारा एकच होता, म्हणून फसायला कोणी उरत नव्हते. अल्फास्क्रिप्टची पुस्तके आणि पीडियाप्रेसची पुस्तके यांचा मजकूर अगदी एकच असू शकतो. फरक आहे तो विकत घेणाऱ्याला आधी काय माहीत होते, याचा.

मराठीत असे पुस्तक करायचे झाले तर संपादनाच्याही आधी एक काम उभे राहते, ज्याची कल्पना अक्षरजुळणी केलेल्यांनाच असेल. आंतरजालावरचा मजकूर युनिकोडमध्ये असतो. आपल्याकडच्या अनेक छापखान्यांत पुस्तके वर्षानुवर्षे श्रीलिपी किंवा आयएसएममधल्या जुन्या टंकांत लागत आली आहेत. एकातून दुसऱ्यात मजकूर नेताना रफार भलत्या अक्षरावर बसतो, ऱ्हस्व वेलांटी सरकते, जोडाक्षरे फुटतात, आकडे इंग्रजी होतात. पानन् पान डोळ्यांखालून घालावे लागते. शिवाय मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू असला तरी त्यातले लेख सारख्या वजनाचे नाहीत; एखादा लेख साधार आणि भरघोस, तर शेजारचा दोन वाक्यांचा. लेखनाचे नियम, परकीय नावांचे लेखन, सनावळ्या यांत एका हाताचे वळण नसते, कारण हात अनेक असतात. हे सगळे एकसारखे करणे, संदर्भ मुळापर्यंत जाऊन पडताळणे, छायाचित्रांचे परवाने वेगळे असतात ते एकेक तपासणे, ही खरी मेहनत आहे, आणि तिचे पैसे मागणाऱ्या संपादकाला मी तरी लोभी म्हणणार नाही.

आता श्रेयाचा प्रश्न. प्रकाशक म्हणतात, लेखक हजारो. नावे छापायची तरी कशी? अमेरिकन कलावंत मायकेल मँडिबर्ग यांनी २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कलादालनात हा प्रश्न डोळ्यांपुढे उभाच केला. इंग्रजी विकिपीडियाचा सगळा मजकूर त्यांनी आज्ञावलीने छपाईयोग्य खंडांत बसवला: प्रत्येकी ७०० पानांचे ७,४७३ खंड. नुसती अनुक्रमणिका ९१ खंडांची, आणि लेखकांच्या नावांचे ३६. प्रत्यक्ष छापले ते शंभराच्या थोडे वर. बाकीचे भिंतीवर पुस्तकांच्या कण्यांचे चित्र म्हणून लावले. हे ३६ खंड पाहून श्रेय देणे अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर तो निष्कर्ष घाईचा होईल. एका पुस्तकात सगळा कोश जात नाही. वीस-पंचवीस लेख जातात. जुना परवाना याबाबत खरोखरच जाचक होता. एका पानाचा लेख छापायचा तरी परवान्याची कित्येक पाने सोबत जोडावी लागत. म्हणूनच २००९ मध्ये विकिपीडियाने क्रिएटिव्ह कॉमन्सचा, श्रेय द्या आणि त्याच अटींवर पुढे द्या असे सांगणारा, परवाना स्वीकारला. आता लेखाचा पत्ता दिला तरी चालतो. त्या पत्त्यावर लेखाचा इतिहास असतो आणि इतिहासात प्रत्येक हाताची नोंद असते. प्रत्येक लेखाखाली एक ओळ. एवढ्यालाही जागा नाही म्हणणाऱ्या प्रकाशकाला मलपृष्ठावर स्वतःच्या इतर पुस्तकांच्या जाहिरातीला मात्र जागा सापडते.

पण श्रेय हा केवळ लेखकाच्या सन्मानाचा प्रश्न असता तर मी त्यावर इतका वेळ घेतला नसता. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातले ५७ वे कलम लेखकाचा नावावरचा हक्क आर्थिक हक्कापासून वेगळा मानते, ते योग्यच आहे. याहून मोठे नुकसान मात्र ज्ञानव्यवहाराचे होते. विकिपीडियाचा नियम असा की लेखातल्या विधानाला बाहेरचा, छापील वा तत्सम, विश्वसनीय आधार हवा. समजा लेखात एक चूक शिरली. कोणी तो लेख उचलून, मूळ लपवून, पुस्तक छापले. ते पुस्तक गूगल बुक्सच्या शोधात येऊ लागले. मग दुसरा कोणी सद्भावनेने त्याच चुकीच्या विधानाला आधार म्हणून तेच पुस्तक लेखात नोंदवतो. चूक आता साधार झाली. हे कल्पनेतले संकट नव्हे. २००९ च्या फेब्रुवारीत जर्मनीत गुटेनबर्ग हे अर्थव्यवहारमंत्री झाले तेव्हा त्यांच्या लांबलचक नामावळीत कोणी तरी विकिपीडियावर एक विल्हेल्म घुसडला. मोठमोठ्या वृत्तपत्रांनी ते नाव छापले, आणि मग तीच छापील बातमी विकिपीडियावर त्या नावाचा पुरावा म्हणून दाखवली गेली. वृत्तपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, दुरुस्ती छापते. पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटात पन्नास वर्षे उभे राहते आणि दुरुस्त होत नाही. विकिपीडियाच्या संपादकांना अशा उचल्या प्रकाशकांविषयी सावध करणारी पाने ठेवावी लागतात, ती याचसाठी.

म्हणून पुस्तकात लेखाचा पत्ता असून भागत नाही. तो लेख कोणत्या तारखेचा घेतला तेही हवे. कोशाच्या संकेतस्थळावर प्रत्येक लेखाची प्रत्येक अवस्था जपलेली असते आणि तिला क्रमांक असतो. तारीख छापली की दहा वर्षांनी वाचणाऱ्याला पुस्तकातले विधान त्या दिवशीच्या लेखाशी ताडून पाहता येते, आणि नंतर ते का बदलले तेही कळते. तारीख नसली की तोच मजकूर निराधार ठरतो. काही जण म्हणतील, सामान्य वाचक कशाला असले ताडून पाहील? बहुतेक जण पाहणार नाहीत, हे खरे. शब्दकोशात सगळे शब्द कोणी पाहत नाही. म्हणून गाळलेले चालतात असे कोणी म्हणत नाही. आणि मराठीत तर ही निकड अधिकच आहे. इंग्रजीत एका विषयावर पन्नास पुस्तके असतात, एकातली चूक दुसऱ्यामुळे उघडी पडते. आपल्याकडे कित्येक विषयांवर एकच पुस्तक असते, आणि तेच पुढच्या लेखकाचे प्रमाण होते. स्पर्धा परीक्षांच्या बहुतेक पुस्तकांत आधार छापण्याची रीतच नाही. त्यातला मजकूर कोठून आला हे विद्यार्थ्याला कळायला मार्ग नसतो, आणि तो पाठ मात्र करावा लागतो.

हे सरकारने कायदा करून थांबवावे, असे मी म्हणणार नाही. नवा कायदा झाला तर तो प्रथम त्या तीस रुपयांच्या किल्ल्यांच्या पुस्तिकेवर पडेल. अंकुश दुसरीकडे आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली हजारो सार्वजनिक ग्रंथालये अनुदान घेतात आणि त्यातला काही भाग दरवर्षी पुस्तकांवर खर्च करतात. मराठी पुस्तकाचा सर्वांत भरवशाचा ग्राहक हाच आहे, आणि प्रकाशक त्याचे ऐकतात. तेव्हा माझी विनंती ग्रंथालयांच्या ग्रंथखरेदी समित्यांना आहे. आंतरजालावरून संकलित केलेले पुस्तक समोर आले तर त्याला नाके मुरडू नका. चांगले असेल तर अवश्य घ्या, योग्य किंमत देऊन घ्या. फक्त आधी पहिली चार पाने उघडा. लेखांचे पत्ते, ते उतरवून घेतल्याची तारीख, आणि ज्याचे नाव संपादक म्हणून छापले आहे त्याने नेमके काय केले याच्या दोन ओळी तिथे नसतील, तर ते पुस्तक बिलासकट विक्रेत्याकडे परत पाठवा.